हॉर्नच्या रिलेची बदली

मित्रांनो, मला ओळखणारे फार थोडे. काड्यापेटीचे दोन तुकडे केले तर त्यातला एक जेवढा होईल, तेवढा माझा आकार. वर काळी प्लास्टिकची टोपी, खाली पितळेचे चार चपटे पाय आणि टोपीवर कधीकाळी छापलेले, आता पुसट झालेले काही आकडे. मी एका जुन्या गाडीतला रिले आहे. वय विशीच्या पुढे. माझ्या बरोबरीचे बहुतेक जण केव्हाच भंगारात गेले. मी अजून नोकरीत आहे आणि खरे सांगायचे तर मजेत आहे.

रिले म्हणजे काय, हे आधी सांगतो. तुमच्या शाळेची घंटा मुख्याध्यापक स्वतः वाजवत नाहीत. ते खुर्चीतून नुसती मान हलवतात आणि शिपाईमामा उठून टोल देतात. मान हलवायला ताकद लागत नाही, टोल द्यायला लागते. गाडीतही तसेच असते. हॉर्नला बरीच वीज लागते. तेवढी वीज स्टिअरिंगवरच्या नाजूक बटणातून नेली तर बटण जळून जाईल. म्हणून बटण फक्त मान हलवते, म्हणजे अगदी थोडी वीज माझ्याकडे पाठवते. माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आहे. त्यातून वीज गेली की त्याचा लोहचुंबक होतो. तो शेजारची लोखंडी पट्टी ओढून घेतो, पट्टीच्या टोकावरचे चमकते टिंब समोरच्या टिंबाला टेकते आणि बॅटरीतली मोठी वीज हॉर्नकडे धावत सुटते. एवढे सगळे घडते तेव्हा माझा आवाज येतो फक्त 'टक'. बटण सोडले की पट्टी मागे जाते आणि पुन्हा 'टक'.

माझा जन्म एका मोठ्या शहराबाहेरच्या कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या बायका दिवसभर आमची वेटोळी तपासत. मला एका यंत्रात बसवून हजारभर वेळा टक टक करायला लावले, तेव्हा कुठे माझ्यावर शिक्का पडला. नंतर एका नव्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटखाली, फ्यूज बॉक्समध्ये मला जागा मिळाली. एकाच ओळीत आम्ही चार रिले होतो. एक दिव्यांचा, एक वायपरचा, एक पंख्याचा आणि अगदी टोकाला मी, हॉर्नचा. चौघेही दिसायला सारखे. कोणालाही कोणाच्या जागी बसवले असते तरी चालले असते, पण ज्याला जी जागा मिळाली तेच त्याचे काम झाले.

आमचे पहिले मालक पालीचे भास्करकाका, आंब्याचे बागायतदार. ते हॉर्न वाजवायच्या विरुद्ध होते. रस्त्यात म्हैस आडवी आली तर काच खाली करून तिला समजावत. बारा वर्षांत मी जेमतेम पन्नासदा पट्टी हलवली असेल. पुढे त्यांचे डोळे कमी झाले आणि गाडी दारात उभी राहू लागली. पालीच्या बाजारात रोज सकाळी एक बाई एस.टी.तून डोक्यावर माशांची पाटी घेऊन उतरताना त्यांना दिसायची. गुडघ्यावर हात ठेवत, पायरी पायरी मोजत उतरायची. एक दिवस काकांनीच तिला विचारले की ही गाडी नुसती उभी आहे, तू चालवशील का.

ती बाई म्हणजे हिरा. आरे-वारेच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी तिचे घर. नवरा बाबल्या होडी घेऊन समुद्रावर जातो, तो आणील ती मासळी हिरा विकते. गाडी घेतली तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती आणि तिने सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. ओहोटीला समुद्रकाठची वाळू टणक होते, त्या वाळूवर ती गाडी शिकली. बाबल्या कमरेवर हात ठेवून शिकवायला उभा राही. पण त्याला माहीत होते फक्त होडीचे सुकाणू. सुकाणू डावीकडे ढकलले की होडी उजवीकडे वळते. त्यामुळे तो ओरडून सांगायचा एक आणि गाडी जायची भलतीकडे. दोनदा पाण्यात जाता जाता वाचल्यावर हिराने गाडी थांबवून त्याला वाळूवर बसवले.

"तुमची होडी तुमी बघा," ती म्हणाली, "माजी गाडी मी बघतंय."

बाबल्या हसला आणि बसला. पण बघायचे काही त्याने सोडले नाही.

मागची सीट काढून तिथे बर्फाचे खोके ठेवले गेले आणि माझे खरे दिवस सुरू झाले. पाली, मग पुढच्या वाड्या, मग नाणिजच्या बाजूचा चढ आणि वरची वाडी, असा हिराचा फेरा ठरला. प्रत्येक वाडीच्या तोंडाशी ती हॉर्न वाजवायची. दोन लहान, एक लांब. तो आवाज ऐकला की बायका हातातले काम टाकून टोप, ताटे घेऊन बाहेर यायच्या. रडणारी पोरे गप्प व्हायची. एकदा वरच्या वाडीतली संध्या नावाची नवी सून म्हणाली की सासरी आल्यावर पहिल्यांदा ओळखीचा झाला तो हा हॉर्न. ते ऐकून मी फुगलो. मला वाटू लागले की गाडी माझ्यामुळेच चालते.

माझ्या शेजारचा पंख्याचा रिले कधी कोणाच्या कानावरही आला नाही. त्याचे काम असे: इंजिन चालून चालून तापते, त्याला गार ठेवायला पाणी फिरत असते. ते पाणीही फार तापले की पुढच्या जाळीमागचा पंखा सुरू व्हावा लागतो. पाण्यात बसवलेला एक लहानसा पहारेकरी या रिलेला खूण करतो, हा पंखा सुरू करतो, पाणी गार झाले की बंद करतो. ना कोणी त्याला बटण दाबून बोलवायचे, ना कोणी त्याला चांगले म्हणायचे. मीही त्याला जरा कमीच लेखत होतो. आता सांगताना लाज वाटते.

आठ वर्षे अशी सुखात गेली. समुद्राजवळच्या हवेत मीठ असते, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात गाडीत रोज बर्फाचे खारट पाणी. आमच्या पितळी पायांवर हळूहळू हिरवट बुरशीसारखा थर चढू लागला. आणि तो बाबल्याच्या नजरेला पडला.

गेल्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मासेमारीची बंदी संपत आली होती. बाबल्या होडीला तेल चोपडत होता. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचे तेल होडीच्या लाकडाला लावतात. ते सुकून घट्ट बसते आणि लाकडात पाणी शिरू देत नाही. बाबल्याचे वडील ते लावत, आजोबा लावत. होडी झाली तरी करवंटीत थोडे तेल उरले. त्याने गाडीकडे पाहिले. वर्षभर बायकोला पोसणारी गाडी, तिला खारी हवा लागते आणि तिच्यासाठी कोणी काही करत नाही. त्याला वाईट वाटले असणार. त्याने बॉनेट उघडले, फ्यूज बॉक्सचे झाकण काढले, एकेका रिलेला उपटून त्याचे पाय तेलात बुडवले, कुंचल्याने बाकीच्या खाचाही भरल्या आणि ज्याला त्याला जागच्या जागी बसवले. तेल इतके होते की ते पायांवरून टोपीच्या आत झिरपले.

दिवे झाले, वायपर झाला, पंखा झाला. माझ्यापर्यंत येईतो करवंटी कोरडी पडली. त्याने कुंचला दोनदा झटकून पाहिला, मग मला तसेच सोडून झाकण लावले. मला फार लागले ते. सगळ्यांना तेल आणि माझ्यासारख्या मानकऱ्याला काही नाही. रात्रभर मी रुसून होतो.

बाबल्याने ही गोष्ट हिराला सांगितली नाही. लपवली असे नव्हे. देवळासमोरून जाताना हात जोडले, हे काय कोणी घरी येऊन सांगते? तसेच ते त्याला वाटले.

दुसऱ्याच दिवसापासून मांजरे यायला लागली. माशांची गाडी, तिच्यावर मांजरे येणारच, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. पावसाची हवा होती, पंख्याला काम कमी. तो तेल पायांत घेऊन गप्प बसला होता आणि इंजिनाच्या उबेने ते तेल सुकत, घट्ट होत चालले होते.

मग ऑक्टोबरचे ऊन आले. हातखंब्याच्या पुढे गेल्यावर एका सकाळी बॉनेटमधून वाफ निघाली. हिराने गाडी कडेला घेतली, पाणी गार होईस्तोवर झाडाखाली बसली, मग पुढे गेली. चार दिवसांनी पुन्हा तेच. गाडी गॅरेजवाल्या दीपकने तपासली. त्याने पाण्याचे टोपण बदलले, नळी बदलली, पाण्याच्या वाटेतली झडप बदलली. पंखा बॅटरीला थेट जोडून पाहिला तर तो छान फिरला. म्हणजे पंख्यात दोष नाही, असे त्याने मानले. पंख्याला वीज देणाऱ्याकडे पाहायचे मात्र राहून गेले. आणि खोड अशी की पंखा कधी सुरू व्हायचा, कधी नाही. गॅरेजच्या दारात नेमका सुरू व्हायचा.

नवरात्र संपले. नऊ दिवस मासे न खाल्लेली माणसे वाट बघत असतात. वर्षातली चांगली विक्री दसऱ्यानंतरच्या त्या आठवड्यात होते. त्याच आठवड्यात गाडी तीनदा उकळली, बर्फ वितळला, बांगडे नरम पडले. वरच्या वाडीचा चढ हिराने सोडून दिला. दीपक शेवटी म्हणाला की आता इंजिन खोलावे लागेल आणि एवढ्या जुन्या गाडीचे इंजिन खोलण्यात अर्थ नाही. साखरप्याचा एक भंगारवाला रविवारी गाडी न्यायला येणार, असे ठरले.

मित्रांनो, गाडी गेली की काय होणार होते, ते आम्हा सगळ्यांना कळत होते. हिराचे गुडघे आता पाटी पेलणारे नव्हते. एस.टी.च्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. गाडी नाही म्हणजे फेरा नाही, आणि फेरा नाही म्हणजे हिरा घरी. तिने घरी बसून मासळी साफ करावी, विकायला दुसरा कोणी बघू, असे बाबल्या समजुतीने म्हणाला. तेव्हा तिने हातातला कोयता धुतला आणि उलटा करून ठेवला.

शनिवारी शेवटचा फेरा. गिऱ्हाइकांना सांगून यायचे होते. बाबल्या त्या दिवशी समुद्रावर गेला नाही. पहिल्यांदाच तिच्या शेजारच्या सीटवर बसला, पायाशी पाण्याचे दोन कॅन घेऊन. हातखंब्यापुढे वाफ निघाली, एक कॅन संपला. पाली कशीबशी झाली. पुढच्या वाडीच्या तोंडाशी हिराने हॉर्न दिला, दोन लहान, एक लांब, आणि माझ्या मनात आले की हा आवाज इथे शेवटचा.

बायका आल्या. हिराने त्यांना सांगितले की उद्या गाडी जाणार. त्यांच्यात सदूनाना उभे होते. एस.टी.च्या वर्कशॉपात चाळीस वर्षे वायरिंगचे काम करून निवृत्त झालेले. हिराकडून दर शनिवारी सहा बांगडे घेणारे. आज त्यांनी बांगडे घेतले नाहीत. ते गाडीच्या पुढच्या बाजूला बघत राहिले. तिथे वाडीतली तीन मांजरे बॉनेटवर चढून बसली होती आणि फटीत नाक घालत होती.

"हिराबाय," ते म्हणाले, "मासे मागं आणि मांजरं पुढं, हे कसं काय?"

एक म्हातारी म्हणाली, मांजरांना ऊब लागते. नाना म्हणाले की या उन्हात ऊब कोण मागतो. त्यांनी मांजरांना उतरवले, बॉनेट उघडले आणि वाकून हुंगले. मग फ्यूज बॉक्सचे झाकण काढले. आम्ही चौघे किती दिवसांनी उजेड बघत होतो.

नानांनी पंख्याच्या रिलेला धरून ओढले. तो सहज येईना. हलवून हलवून काढला तेव्हा त्याच्या पायांवर तपकिरी, चिकट कातडी बसलेली दिसली. एक पाय तापून काळा पडला होता. त्यांनी टोपी उघडली. आतल्या टिंबांवर काजळी होती. बिचारा किती दिवस त्या काजळीतून वीज ढकलायची धडपड करत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून माझ्याच आवाजात दंग होतो.

"ह्यात कुणी तरी तेल घातलंय," नाना म्हणाले. "कसलं ते मला कळत नाय. पण घातलंय हे खरं."

हिराचा चेहरा तापला. एवढे दिवस साठलेले सगळे तिला आता कोणावर तरी टाकायला मिळाले. हे दीपकचेच काम, ती म्हणाली. सोमवारी ती त्याच्या गॅरेजात जाणार होती आणि चार माणसांत त्याला विचारणार होती. वाडीतल्या बायकांनीही तिला साथ दिली. एकजण म्हणाली, आपणही येतो.

बाबल्या पाण्याचा कॅन धरून उभा होता. गप्प राहिला असता तर कोणाला काही कळले नसते. दीपक तिथे नव्हता. तेलाला जीभ नव्हती. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने कॅन खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला.

"दीपक नाय," तो म्हणाला. "मी लावलं. मुशीचं. होडीचं उरलेलं."

मग हिराने हळू विचारले, "कंधी?"

"बंदी उठायच्या आधी."

"आनि तीन म्हयने गप?"

"मला काय म्हाईत ता वायट असतंय? होडीला चालतं."

नाना रागावले नाहीत. त्यांनी काढलेला रिले बाबल्याच्या तळहातावर ठेवला आणि लहान मुलाला समजावे तसे समजावले. लाकडावर हे तेल कातडीसारखे बसते, म्हणून पाणी आत जात नाही. इथेही ते तसेच बसले, म्हणून वीज आत जाईना. ज्या गुणासाठी ते होडीला लावायचे, तोच गुण इथे आड आला. बाबल्या तो तुकडा फिरवून फिरवून बघत राहिला. मग त्याने विचारले की आता काय. नवा रिले रत्नागिरीलाच मिळणार, आणि तोवर बर्फ राहणार नाही.

नानांनी खिशातून रुमाल काढला, पंख्याच्या रिलेची खाच पेट्रोलच्या बोळ्याने पुसली, चाकूच्या टोकाने खरवडली. मग त्यांचे बोट आमच्या ओळीवरून फिरत आले आणि माझ्यावर थांबले. सगळ्यांत मीच कोरडा होतो. बाबल्याचे तेल मला पुरले नव्हते म्हणून.

त्यांनी मला उपटले आणि पंख्याच्या जागी बसवले.

मित्रांनो, मला भीती वाटली. हॉर्नचे काम क्षणाचे. पट्टी ओढायची, सोडायची. पाच सेकंदांहून जास्त मी ती कधी धरून ठेवली नव्हती. पंख्याला मिनिटेच्या मिनिटे वीज लागते, आणि हॉर्नपेक्षा जास्त. माझी विशी उलटलेली. पोटातले वेटोळे टिकेल की नाही, मलाच ठाऊक नव्हते.

हिराने गाडी सुरू केली आणि जागेवरच इंजिनाला ताण दिला. सगळे गाडीभोवती उभे. तापमानाचा काटा वर सरकू लागला. अर्ध्यावर आला. अर्ध्याच्या वर गेला. काटा लाल रेषेकडे झुकला तेव्हा बाबल्याने कॅनचे झाकण काढले. नानांनी त्याला हाताने थांबवले.

मग पाण्यातल्या पहारेकऱ्याची खूण आली. मी पट्टी ओढली. जाळीमागे पंखा घरघरला आणि वारा सुटला. मी धरून राहिलो. माझे पाय गरम झाले, तरी धरून राहिलो. काटा थांबला. मग हळूच, अगदी हळूच खाली येऊ लागला.

हिराने स्टिअरिंगवर कपाळ टेकले. एवढेच. नंतर तिने मान वर करून विचारले की नाना, वरच्या वाडीचा चढ जमेल का. नाना म्हणाले, जाऊन बघ, आणि स्वतःचे सहा बांगडे मागून घेतले.

आम्ही चढ चढलो. चार वळणांत पंखा दोनदा लागला. दुसऱ्या वेळी मला जवळजवळ सात मिनिटे पट्टी धरावी लागली. हिरा काट्यावरून नजर काढत नव्हती. माथ्यावर गाडी पोहोचली तेव्हा बाबल्याच्या पायाशी दुसरा कॅन तसाच भरलेला होता.

वाडीच्या तोंडाशी हिराने सवयीने बटण दाबले. काही वाजले नाही. माझी जुनी जागा रिकामी होती. पंधरा दिवसांनी गाडी आली होती आणि कोणाला पत्ताच लागणार नव्हता. हिराने मान वळवून नवऱ्याकडे पाहिले.

"उतरा," ती म्हणाली.

बाबल्या उतरला. त्याच्यापाशी होडीतून होडीकडे हाक मारायचा आवाज होता, वाऱ्यावर मात करणारा. तो गाडीच्या पुढे चालू लागला आणि ओरडू लागला. बांगडे, सौंदाळे, कोळंबी, एकेक नाव लांब ओढत. पहिल्या घरापाशी तो लाजत होता. तिसऱ्या घरापर्यंत त्याला मजा वाटू लागली. संध्या टोप घेऊन धावत आली, कडेवर आता मूल. तिने हिराला विचारले की आज हॉर्नला काय झाले.

"हॉर्न आज चालत आलाय," हिरा म्हणाली.

बायका हसल्या. बाबल्याही हसला आणि पुढच्या घराकडे निघाला. सगळे खोके रिकामे झाल्यावर हिरा दगडावर बसली. तिने फोन काढला आणि साखरप्याच्या माणसाला कळवले की उद्या यायचे नाही, गाडी विकायची नाही. तो काहीतरी बोलत राहिला असणार. तिने दोनदा "नाय" म्हटले आणि फोन ठेवला. घरी जाताना ती दीपकच्या गॅरेजपाशी थांबली नाही. सोमवारी मात्र बाबल्या एकटाच तिथे गेला आणि त्याला सगळे सांगून आला. कोणी त्याला जायला सांगितले नव्हते.

पुढच्या शनिवारी नानांनी फ्यूज बॉक्स पूर्ण स्वच्छ केला. तेल खाल्लेल्या तिघांच्या जागी तीन नवे रिले आणले. माझा शेजारी मात्र त्यांनी फेकला नाही. टोपी काढलेला तो रिले आता पालीच्या शाळेत आहे. पट्टी कशी हलते, ते मुले त्याच्यात बघतात. मला कळले तेव्हा बरे वाटले. आयुष्यभर जो कोणाला दिसला नाही, त्याला आता रोज तीस डोळे बघतात.

मला परत हॉर्नच्या जागी बसवायचे की नाही, असे नानांनी हिराला विचारले. ती म्हणाली की चढ ज्याने चढवला त्याला तिथेच राहू दे. हॉर्न नव्या रिलेला मिळाला. तरुण आहे, जोरात टक करतो आणि वाडीच्या तोंडाशी जरा ऐट दाखवतो. दाखवू दे. मी पंख्यापाशी आहे. माझ्या नावाने आता कोणी टोप घेऊन धावत येत नाही. पण उन्हाळ्याच्या दुपारी चढावर हिरा एका हाताने पदर सारखा करत, काट्याकडे न बघता गाडी चालवते, तेव्हा ती का बघत नाही हे मला माहीत असते.

बाबल्या अजूनही गाडीची काळजी घेतो. दर रविवारी बॉनेट उघडतो आणि आम्हा सगळ्यांवरून सुके फडके फिरवतो. नवीन काही करायचे झाले तर आधी नानांना फोन करतो. मागे एकदा त्याने वायरींवर खोबरेल लावू का, म्हणून विचारले होते. हिराने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, पंप असेल, मिक्सर असेल. त्यांच्यात माझ्यासारखे लहान तुकडे कुठेतरी बसलेले असतात. त्यांना कोरडे ठेवा, स्वच्छ ठेवा, आणि आपल्याला माहीत नसलेला उपाय मायेपोटीही करू नका. ज्याला त्यातले कळते, त्याला आधी विचारा. आणि केलाच असेल, तर वस्तू बिघडल्यावर पहिल्या दिवशी सांगा. बाबल्याला ते सांगायला तीन महिने लागले, तरी त्याने सांगितले, म्हणून दीपकवरचा खोटा आळ टळला. आमचे तोंड बांधलेले असते. आम्ही बंद पडू शकतो, तापू शकतो, जळू शकतो. काय झाले ते मात्र आम्हाला सांगता येत नाही. ते तुम्हीच सांगायचे असते.